कितेरियाची तसबीर

पोर्तो, १८ ऑक्टोबर १८०८

चि. वेनान्सिओस, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा एका इंग्रज जहाजानं आलं. अकरा महिने तुझी काही खबर नव्हती. लिस्बनमध्ये फ्रेंच बसले होते तोवर टपालच बंद. सगळा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला, त्यात तुझ्यासारखा एक नकलनवीस तरला की बुडाला हे आम्हाला कोण सांगणार होतं? आता रिओच्या कचेरीत तुला टेबल मिळालं आहे आणि उकाड्यानं अंगावर पुरळ उठलं आहे, एवढं कळलं. पुरळावर सातूचं पाणी लाव, खाजवू नकोस.

बाबा बरे आहेत, पण डोळे गेल्यातच जमा. समोर कोणी उभं आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नाही. गिऱ्हाईक आलं की बाबा खिडकीपाशी कुंचला धरून बसतात, गप्पा मारतात, आणि मी शेजारी रंग कालवण्याचं सोंग करत तसबीर काढते. खाली सही मेस्त्री अनाक्लेतो तावेइरांची. लोक म्हणतात, म्हातारपणी मेस्त्रींचा हात आणखी हलका झाला. मी मान खाली घालून ऐकते.

तुझी बायको कितेरिया सुखरूप आहे. तू गेल्यावर महिन्याभरात खेचरवाल्यांच्या सोबतीनं लिस्बनहून इथं आली, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. कोळ्याची मुलगी, आवाजही धक्क्यावरचा. मी हस्तिदंताच्या चकतीवर दोन केसांच्या कुंचल्यानं पापणी काढत असते आणि ही स्वयंपाकघरातून अशी हसते की माझा हात उडतो. मागच्या आठवड्यात एका मेजरसाहेबांना त्यापायी एका डोळ्यावर दोन भुवया आल्या. बाबांचं आणि तिचं मात्र गूळपीठ आहे. गिऱ्हाईक असलं तरी ती त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजत असते. मला कोणी काही सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

तू बाबांची कला सोडून कारकुनीला गेलास आणि कोळ्याघरी लग्न केलंस, यावर मी आजवर एक शब्द बोललेली नाही. आजही बोलत नाही.

प्रकृतीला जप. आमच्यावरचा लोभ खाऱ्या वाऱ्यानं गंजू देऊ नकोस.

तुझी ताई,
उंबेलिना


रिओ द जानेइरो, ९ जानेवारी १८०९

ती. ताईस, वेनान्सिओचा समुद्रापलीकडून सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एक शब्द बोलली नाहीस तो शब्द मला चांगला ऐकू आला, आणि खूप दिवसांनी हसू आलं.

आम्ही पाच कारकून एका खोलीत राहतो. रविवारी प्रार्थनेहून आलो की प्रत्येक जण आपापल्या पेटीतून लॉकेट काढतो. एकाकडे आईची तसबीर, एकाकडे बायकोची, एकाकडे म्हणे धाकट्या बहिणीची आहे, पण बहिणीकडे कोणी असं बघत नाही. मी तावेइरांचा मुलगा, ज्याच्या बापानं निम्म्या पोर्तोचे चेहरे काढले, आणि माझ्याच पेटीत काही नाही. त्यांना याची फार गंमत वाटते. मला वाटत नाही.

ताई, कितेरियाची तसबीर काढून पाठव. तिला इकडे आणण्याचा परवाना मिळायला अजून वर्ष तरी जाईल. ती जशी आहे तशीच काढ, बाबांसारखी गोड करू नकोस. आणि तिच्याशी जरा नीट वाग. ती कधी तक्रार करायची नाही, म्हणून सांगतो.

बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो. तुझ्या मनात माझी जागा आहे तेवढी राहू दे.

तुझा,
वेनान्सिओ


पोर्तो, ११ मार्च १८०९

चि. वेनान्सिओस, अ. उ. आ.

तसबिरीचं लक्षात आहे. गुरुवारी कितेरियाला खिडकीपाशी बसवलीही होती. पण बाईसाहेबांचं तोंड क्षणभर मिटेल तर शपथ. मी चकती हातात घेतली की हिला हसू, खाली ठेवली की विचारणार, वन्सं, झालं का? तिकडे दोन अधिकाऱ्यांच्या तसबिरी अर्धवट पडल्या होत्या, त्यांना घरी पाठवायची घाई. शेवटी म्हटलं, ऊठ बाई, ईस्टर होऊन जाऊ दे, मग सावकाश बघू. लगेच उठून गेली. हिरमुसली असेल, मी काही वर पाहिलं नाही.

आत्ता ती शेजारी उभी राहून सांगते आहे ते लिहिते. तिची प्रकृती उत्तम आहे. ताईंच्या हातचं कोबीचं सूप आणि मक्याची भाकरी खाऊन ती इतकी फुगली आहे की हत्तीचा दात जरा मोठा शोधावा लागेल. तुम्ही घाई करू नका, वाट पाहणं तिला जमतं, कोळ्याघरच्या बायका दुसरं काय करतात. झालं, सांगून पुन्हा हसते आहे.

उत्तरेकडून फ्रेंच पुन्हा येत असल्याची आवई आहे. बाबा म्हणतात, आले तर त्यांच्याही तसबिरी काढू. ईस्टरनंतर पहिलं काम तुझं. आठवण ठेव, आम्हीही ठेवतो.

उंबेलिना


पोर्तो, ४ जून १८०९

वेनान्सिओ,

हे पत्र बसून वाच. कितेरिया गेली.

२९ मार्चला, ईस्टरच्या आदल्या बुधवारी, फ्रेंच शहरात घुसले. सगळं गाव उतारानं नदीकडे धावलं, कारण पलीकडच्या काठावरच्या गाया गावात जायला होड्यांचा पूल तेवढा एकच होता. मी बाबांचा हात धरला होता. कितेरिया गर्दीत पुढे निघून गेली. आम्हाला एका पिंपवाल्यानं तळघरात ओढून घेतलं म्हणून आम्ही वाचलो. पूल मधेच तुटला होता आणि मागच्यांना ते दिसत नव्हतं. ते पुढच्यांना ढकलत राहिले. त्या सकाळी नदीत किती गेले याची मोजदाद अजून लागलेली नाही.

सहाव्या दिवशी मासारेलूशच्या काठावर ती सापडली. पायमोज्यांवरून ओळखली, एक टाच तपकिरी आणि एक काळी, लोकर पुरली नव्हती म्हणून. पाद्रींनी सहाजणींना एकत्र पुरलं. मी शेवटपर्यंत उभी होते.

फ्रेंच गेल्या महिन्यात गेले. टपाल आता सुरू झालं. याआधी लिहिता आलं नसतं, आणि आलं असतं तरी मी लिहिलं असतं की नाही ठाऊक नाही. बाबा तुला जवळ घेतात. देव तुला धीर देवो.

तुझी,
ताई


रिओ द जानेइरो, २ सप्टेंबर १८०९

ती. ताईस, वेनान्सिओचा नमस्कार.

पत्र मिळालं. खोलीतल्या चौघांनी रविवारी तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. त्यांनी लॉकेटं पेटीतून काढणं बंद केलं आहे, माझ्यासमोर तरी.

मी रोज कचेरीत जातो. अक्षर पूर्वीसारखंच येतं, याचं नवल वाटतं.

ताई, एकच मागणं आहे. ती गुरुवारी बसली होती म्हणालीस. तेव्हा जे काही झालं असेल ते पाठव. नुसती रेघ असेल, कपाळाचा पहिला रंग असेल, तरी चालेल. त्यावरून तुला पुढचं पुरं करता आलं तर कर. सव्वा वर्ष ती तुझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्याजवळ तिची आठ महिन्यांची ओळख होती, आणि निम्मा वेळ मी कचेरीत.

दुसरं काही सुचत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

वेनान्सिओ


पोर्तो, १४ डिसेंबर १८०९

चि. वेनान्सिओ,

आशीर्वाद लिहायचा माझा हक्क आहे की नाही हे तू पुढचं वाचून ठरव.

त्या गुरुवारचं काहीही नाही. मी कुंचला बुडवलाच नव्हता. चकती हातात घेतली, ठेवली, तिला उठवलं. एक रेघसुद्धा नाही.

आणि पूल. ती गर्दीत पुढे निघून गेली असं मी लिहिलं, ते अर्धं आहे. तिनं बाबांचा दुसरा हात धरला होता. माझ्या काखेत रंगांची पेटी होती, बाबांची जुनी, सगळ्या हस्तिदंती चकत्यांसकट. गर्दीत पेटी चेपायला लागली. मी कितेरियावर ओरडले की तू पेटी घे आणि पुढे हो, पलीकडे जाऊन थांब. तिनं बाबांचा हात सोडला, पेटी डोक्यावर घेतली आणि निघाली. कोळ्याची मुलगी, गर्दीतून वाट काढणं तिला जमायचं. म्हणूनच ती पुलापर्यंत पोचली आणि आम्ही पोचलो नाही.

आता तिसरं. मला तिचा चेहरा आठवत नाही. एखाद्या कॅप्टनला तीन बैठका पाहिलं की त्याच्या मिशीचा प्रत्येक केस मला वर्षभर आठवतो. ही सव्वा वर्ष माझ्या ताटासमोर बसत होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, वेनान्सिओ. तू आमच्यातून उठून गेलास त्याचा राग तुझ्यावर काढता आला नाही, म्हणून मी तिच्याकडे न पाहता सव्वा वर्ष काढलं.

मी सगळीकडे विचारून आले. खारा मासा विकणारी म्हणते डोळे घारे होते. झऱ्यावरच्या बायका म्हणतात काळे. भाकरीवाला म्हणतो, चेहरा काय, ती हसायची. तीन चकत्या बिघडवल्या. तीन निराळ्या बायका झाल्या, एकही आपल्या घरात राहिलेली नाही.

गंमत अशी की सध्या गावात मला हेच काम आहे. बुडालेल्यांच्या तसबिरी. बहिणीवरून बहीण काढते, मुलावरून आई, आणि लोक चकतीचं चुंबन घेऊन म्हणतात की अगदी तीच. परक्यांसाठी मी हे करते. तुला तसं खोटं पाठवणार नाही. तू कळवलंस, की ताई, खोटी चालेल, तरच.

क्षमा मागत नाही. तुझ्या उत्तराची वाट पाहते.

उंबेलिना


पोर्तो, ६ जुलै १८११
(मेस्त्री अनाक्लेतो सांगतात तसे, शेजारचे औषधवाले सिल्वेरिओ यांच्या हातचे)

चि. वेनान्सिओस, बापाचे अनेक आशीर्वाद.

दीड वर्ष झालं, तू बहिणीला उत्तर पाठवलेलं नाहीस. जहाज आलं की ती धक्क्यावर जाते, वळसा घालून, लांबच्या रस्त्यानं. परत येते तेव्हा मी काही विचारत नाही, पायांच्या आवाजावरून कळतं. बुडालेल्यांच्या तसबिरी तिनं सोडल्या. गिऱ्हाइकं परत पाठवते. तिला नीट जेवताना मी कित्येक महिन्यांत ऐकलेलं नाही.

मी चाळीस वर्षं हस्तिदंतावर खोटं बोललो. बड्या बायकांची नाकं लहान केली, गालावरचे देवीचे वण पुसले, न्यायाधीशाला दया आलेली दाखवली. त्यावर आपलं घर चाललं. तुझी बहीण माझ्याहून चांगली चितारी आहे, कारण तिला खोटं बोलताना त्रास होतो. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सिल्वेरिओ म्हणतात की सांगायला हवं होतं. त्यांना वाक्य लिहायला सांगितलं आहे, मत द्यायला नाही.

आता तुझ्या बायकोबद्दल. माझी नजर गेली हे घरात सगळ्यांआधी तिला कळलं. गिऱ्हाईक आत आलं की ती माझ्या कानाशी येऊन सांगायची, बाबा, लाल तोंडाचा आहे, उजवा खांदा उतरलेला, नवे बूट चावताहेत. मग मी त्याला म्हणायचो, साहेब, बूट काढून बसा. तो चाट पडायचा, म्हणायचा, मेस्त्रींची नजर अजून काय आहे. वर्षभर तिनं माझी अब्रू अशी राखली. सगळ्यांचे चेहरे तिनं मला सांगितले. तिचा मला कुणी सांगितला नाही, आणि मीही कोणाला विचारला नाही.

तेव्हा दोषी एकटी उंबेलिना नाही. तिला दोन ओळी लिही. रागाच्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझ्या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

अनाक्लेतो तावेइरा


पोर्तो, ३० मार्च १८१२

चि. वेनान्सिओस, ताईचे आशीर्वाद.

बाबा गेले. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. आदल्या दिवशी मला म्हणाले की माझ्याहून तुझा हात सरस आहे, आणि मग लगेच सूप गार आहे म्हणून कुरकुरले. त्यांना त्रास झाला नाही.

त्यांना खालच्या चर्चमध्ये पुरायचं होतं. शवपेटी त्या उताराच्या रस्त्यानंच न्यावी लागते. तीन वर्षं मी त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं, धक्क्यावर जायचं तर वळसा घालून जायची. त्या दिवशी पर्याय नव्हता. शवपेटीमागून चालत मी लोहाराच्या कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिथं मला ती दिसली. भूत म्हणत नाही. आठवली. आमची रंगांची पेटी डोक्यावर घेऊन ती पुढे गेली होती, त्या कोपऱ्यावर थांबली, आणि आम्ही येतो आहोत ना हे पाहायला मागे वळली. मी तेव्हा तिच्याकडे पाहिलं होतं. तेवढं एकदाच पाहिलं होतं.

मला आठवत नव्हतं असं नाही, वेनान्सिओ. तिथं जायचा धीर नव्हता.

घरी येऊन, दुखवट्याचे काळे कपडेसुद्धा न बदलता बसले. तीन दिवसांत तसबीर झाली. डोळे घारे नाहीत, काळेही नाहीत, ओल्या वाळूचे आहेत. डाव्या भुवईच्या शेवटाला थोडी जागा केसांवाचून आहे. ती हसत नाही. तोंड अर्धवट उघडं आहे, काही विचारणार अशी. मान वळवलेली. तुला ती हसरी हवी असेल, पण मी पाहिली ती ही. मागच्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घातलं आहे, बाबांचं नाही.

तू अडीच वर्षं लिहिलं नाहीस, तरी पाठवते. कप्तान बारोश यांच्याकडे डबी दिली आहे. वारा अनुकूल झाला की जहाज निघेल. आमचं नातं अजून उरलं असेल तर एक ओळ लिही.

उंबेलिना


रिओ द जानेइरो, १२ जानेवारी १८१२
(पोर्तोला पोचले ९ एप्रिल १८१२ रोजी)

ती. ताईस व ती. बाबांस, वेनान्सिओचे सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र नाताळात मिळालं. ताई, मी तुला अनेकदा लिहिलं आणि फाडलं. पहिलं वर्ष फक्त राग होता. कचेरीत नकला करताना प्रत्येक ओळीत मी तुला ओरडताना ऐकत होतो, तू पेटी घे आणि पुढे हो.

मग एक दिवस मला लिस्बनचा धक्का आठवला. पाऊस पडत होता, सगळे चढत होते. आमचे साहेब म्हणाले की कारकुनांच्या बायका पुढच्या जहाजानं येतील. मी हुज्जत घातली नाही. काही जणांनी घातली आणि त्यांच्या बायका आज इथं आहेत. मी कितेरियाला म्हणालो, तू मागून ये. तिनं मान हलवली. तेव्हापासून मला तुझ्यावर पूर्वीसारखं रागावता आलेलं नाही. सगळा गेला असं म्हणणार नाही, पण आता तो सोसण्याइतका आहे.

एक सांगायचं आहे. मी मागच्या नोव्हेंबरात लग्न केलं. तिचं नाव पेरपेतुआ, विधवा आहे, दोरखंड वळणाऱ्याची मुलगी. कमी बोलते. तिला कितेरियाबद्दल ठाऊक आहे, आणि ती कधी काही विचारत नाही.

म्हणून ताई, माझं जुनं मागणं मागे घेतो. तसबीर काढू नकोस, खरी नाही, खोटीही नाही. दोन वर्षं मी तिचा चेहरा आठवायची खटपट केली आणि वेड लागायची पाळी आली. मग तो गेला. आता ती माझ्यापाशी आहे, पण चेहऱ्यावाचून, आणि मला झोप लागते. तो आता पुन्हा समोर आला, तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तेवढी ताकद नाही. काढली असशील तर माझी शपथ आहे, पाठवू नकोस, आणि मला सांगूही नकोस.

बाबांना सांग की मी लिहिलं. दोघांची माया माझ्या नव्या घरावरही असू दे.

वेनान्सिओ


पोर्तो, ९ एप्रिल १८१२

कप्तान बारोश यांस, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपणाकडे माझ्या भावासाठी एक डबी व सोबत पत्र दिले होते. वाऱ्याअभावी जहाज अजून नदीच्या मुखाशी आहे असे कळते. दोन्ही वस्तू घेण्यास मी स्वतः होडीने येत आहे. त्याऐवजी दुसरे पत्र देईन, ते कृपा करून न्यावे. तसदीबद्दल माफी असावी.

उंबेलिना तावेइरा


पोर्तो, १० एप्रिल १८१२

चि. वेनान्सिओस व चि. सौ. पेरपेतुआस, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. लग्नाचं वाचून आनंद झाला. हे मी मनापासून लिहिते आहे, नाही तर तू पुन्हा ओळींमधलं वाचत बसशील. पेरपेतुआ कमी बोलते म्हणतोस. तिला माझ्या वतीनं काहीतरी विचारत जा, आणि ती सांगेल ते मला कळव. काय जेवते, काय गुणगुणते, उजेडाकडे तोंड करून बसते की पाठ. यावेळी मला सगळं ठाऊक असायला हवं.

एक वाईट बातमी आहे. बाबा दोन फेब्रुवारीला गेले. खुर्चीत, दुपारी, शांतपणे. तुझं पत्र त्यांना ऐकायला मिळालं नाही, पण तू लिहिशील याची त्यांना खात्री होती. माझ्याहून जास्त होती. त्यांना खालच्या चर्चमध्ये ठेवलं आहे. फुलं वाहायला मी दर रविवारी उतारानं खाली जाते.

मी पुन्हा काम सुरू केलं आहे, आता माझ्याच नावानं. लोकांनी थोडी कुजबूज केली, मग येऊ लागले.

कितेरियाच्या तसबिरीचं म्हणशील, तर ती माझ्या हातून झाली नाही. दोनदा बसले, जमलं नाही, मग सोडून दिलं. चकत्या होत्या त्या दुसऱ्या कामांना गेल्या. तेव्हा माझ्याकडून कधी काही येईल अशी धास्ती मनात ठेवू नकोस. निवांत झोपत जा.

तुम्हा दोघांच्या मनात या घरासाठी थोडी ऊब राहू द्या, एवढंच मागणं.

तुझी ताई,
उंबेलिना